बोरस्ते कंट्रोलरची निंदणी

“वाफा क्रमांक तीन, संपूर्ण साफ,” भिमाजी बोरस्त्यांनी जाहीर केलं आणि खुरपं खाली ठेवलं.

ऐकायला एकच माणूस होतं, त्यांची बायको कुसाबाई, आणि त्याही हातभर अंतरावर खुर्चीत बसल्या होत्या. पण भिमाजींना हळू बोलता येत नव्हतं. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी लाउडस्पीकरसमोर गेलेली. रिटायर झाले तरी आवाज काही रिटायर झाला नव्हता. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की पेठ रोडवरच्या आमच्या अख्ख्या गल्लीत लोक आपापल्या डब्यात मीठ आहे का बघायचे.

कुसाबाईंच्या गुडघ्याचं प्लास्टर आदल्या दिवशीच निघालं होतं. आज पहिल्यांदा त्यांना खुर्चीसकट मागच्या ओट्यावर आणलं होतं, खास वाफे दाखवायला. भिमाजी कौतुकाची वाट बघत उभे होते. पांढरी पँट, कडक इस्त्री, मातीचा एक डाग नाही. कारण ते खाली बसलेच नव्हते. कमरेतून वाकून, लांबूनच, एखाद्याच्या खिशातून पाकीट काढावं तसं गवत उपटत होते.

कुसाबाईंनी वाफ्याकडे बराच वेळ बघितलं.

“कांदा कथा गया?”

कुसाबाई सटाण्याकडच्या. एरवी नाशिकसारखंच बोलायच्या. अहिराणी बाहेर आली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

“कुठे गेला म्हणजे? हा काय,” भिमाजी म्हणाले. “ताठ उभा आहे. रोज पाणी घालतोय. शेणखतसुद्धा घातलं.”

“हाऊ लव्हाळा शे.”

“लव्हाळा म्हणजे?”

“गवत.”

मग भिमाजींनी आपला हिशोब समजावून सांगितला. वाफ्यात दोन प्रकारचं हिरवं होतं. एक मऊ, माना टाकलेलं, कुठेही लोळणारं. दुसरं ताठ, चकचकीत, शिस्तीत उभं. स्टँडवर जन्म काढलेल्या माणसाला रांगेतला कोण आणि घुसखोर कोण हे काय सांगावं लागतं? त्यांनी लोळणारे सगळे बाहेर काढले. ते कांद्याचं रोप होतं.

कुसाबाईंच्या माहेरी कांद्याशिवाय दुसरं काही पिकत नसे. त्या घरातलं पोर आधी कांदा ओळखतं आणि मग बापाला. अशा घरच्या जावयाने कांदा उपटून लव्हाळ्याला खत घातलं होतं.

“तुझ्या भावाला सांगू नकोस,” भिमाजी म्हणाले.

“मी कशाला सांगू? तुम्हीच आता एवढ्या मोठ्यानं बोललात. पोचलं असंल तिकडं.”

आता हा माणूस या वयात वाफ्यात कशाला उतरला, तर त्याचं कारण कोबा.

आषाढात धुण्याच्या दगडावर पाय घसरून कुसाबाई पडल्या. गुडघ्याची वाटी फुटली. डॉक्टर म्हणाले, “हाड जुळेल, पण आता उकिडवं बसायचं नाही. कधीच.”

“मग निंदायचं कसं?” कुसाबाईंनी विचारलं.

“निंदायचं नाही.”

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.  मागचं अंगण कुसाबाईंचं होतं. घर भिमाजींच्या नावावर, पोरगा भिमाजींच्या आडनावाचा, पण ते मेथी, मिरची, वांगी, कांद्याचे वाफे त्यांचे. रोज सकाळी चहाच्या आधी त्या खुरपं घेऊन तिथे बसायच्या आणि उठायच्या तेव्हा त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा असायचा.

मुलगा ज्ञानेश पुण्याहून आला. त्याने मागचं अंगण बघितलं, गुडघाभर वाढलेलं गवत बघितलं आणि पुण्याचा उपाय सांगितला.

“कोबा करून टाकू, बाबा. सिमेंट टाकलं की गवत नाही, चिखल नाही, विंचूकाटा नाही. आईला कटकट नाही. आणि माझी गाडीपण आत लागेल.”

गाडी म्हणजे ज्ञानेशची सेकंडहँड मारुती. ती वर्षातून दोनदा नाशिकला येणार होती. तिच्या त्या दोन मुक्कामांसाठी बाराही महिने सिमेंट उन्हात तापणार होतं.

कुसाबाईंनी कॉटवर पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड केलं.

पेपर वाचणाऱ्या भिमाजींनी ते बघितलं. पेपर तसाच धरून ते म्हणाले, “कोबा होणार नाही. निंदणी मी करीन.”

“बाबा, तुम्ही? तुम्ही खाली बसता तरी का?”

“दिवाळीला ये आणि बघ. एक जरी गवत दिसलं तरी खुशाल सिमेंट टाक.”

हे ते नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकलं. एकदा स्पीकरवर सांगितलेली गाडी भिमाजींनी आयुष्यात रद्द केली नव्हती. आता ही कशी करणार?

कांद्याचं प्रकरण झाल्यावर शेजारचे गोरक्ष जाधव मदतीला आले. जाधवांच्या अंगणात एक कोरफड होती आणि तीसुद्धा त्यांच्या बायकोने लावलेली, पण शेतीवर बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

“उकळतं पाणी, बोरस्ते साहेब. मुळावर ओता. लव्हाळ्याचा बाप परत यायचा नाही.”

भिमाजींनी बंब पेटवला. बादलीने उकळतं पाणी वाफ्यावर ओतलं. शेजारच्या वाफ्यात मेथी होती, तिची जागच्या जागी भाजी झाली. भिमाजींच्या अंगठ्याला फोड आला. लव्हाळा दोन दिवस झोपला आणि मग असा उठला, जणू आंघोळ करून ताजातवाना होऊन आलाय.

“बाप नाही आला,” कुसाबाई जाधवांना म्हणाल्या. “पोरंबाळं घेऊन आलाय.”

त्यानंतर कुसाबाईंनी सगळा कारभार खुर्चीवरून हातात घेतला. एक लांब काठी मागवली आणि ओट्यावर बसून वाफ्यात नेम धरायला लागल्या.

“ते नाही. त्याच्या शेजारचं.”

“कुठल्या बाजूचं शेजारचं?”

“तुमच्या.”

“माझ्या डाव्या की उजव्या?”

“तुम्ही आधी मिरचीवरून पाय उचला, मग सांगते.”

दुसऱ्याला सूचना देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सूचना घेणं जड जातं. भिमाजी दर वेळी मान वर करून बघायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि मुकाट्याने परत खाली बघायचे. हळूहळू ते उकिडवे बसायला शिकले. पहिल्या दिवशी बसले ते उठेचनात. जाधवांना हाक मारावी लागली आणि जाधवांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पांढऱ्या पँटच्या जागी जुना लेंगा आला. लव्हाळा वरून ओढला तर पातं हातात येतं आणि खाली मातीत काळी गाठ तशीच हसत बसते, हे त्यांना कळलं. गाठ हाताला लागेपर्यंत खुरपं खाली घालायचं. गाठ निघाली की भिमाजी ती वर धरून कुसाबाईंना दाखवायचे. कुसाबाई मान हलवायच्या. मग ते पुढच्या गाठीकडे.

एकदा त्यांनी घोळीचा मोठा ढीग उपटून बाहेर टाकायला काढला. कुसाबाईंनी काठी आडवी घातली.

“ती आत ठेवा. संध्याकाळी भाजी करायची.”

भिमाजी चक्रावले. “म्हणजे हे गवत आहे का भाजी?”

“वाफ्यात गवत. ताटात भाजी.”

गणपती जवळ आले तेव्हा भिमाजींनी हरळीवर मोहीम काढली. हरळी म्हणजे जमिनीवर सरपटत जाणारं, प्रत्येक पेरावर मूळ धरणारं गवत. एक दोरी ओढावी तर दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याचा नळ हलावा. आठवडाभर शिव्या घालत त्यांनी कुंपणापासून नळापर्यंत हरळी काढली, पोत्यात भरली आणि महापालिकेच्या कचराकुंडीत टाकून आले. अंगण असं स्वच्छ झालं की वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून बघायला लागले.

चतुर्थीला सकाळी दारात बायका. हातात ताटं.

“कुसाताई, दूर्वा न्यायला आलो.”

दर वर्षी गल्लीतले सगळे गणपती बोरस्त्यांच्या मागच्या अंगणातल्या दूर्वांवर बसायचे. आणि दूर्वा म्हणजे दुसरं काही नाही, हरळीच. फक्त कोवळी, जुडी बांधलेली. भिमाजींना हे माहीत होतं. म्हणजे दूर्वा माहीत होत्या आणि हरळी माहीत होती, पण दोघी एकच, हे त्या क्षणापर्यंत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

 कुसाबाईंनी ओट्यावरून रिकाम्या अंगणाकडे काठी दाखवली.

भिमाजी सायकल काढून पंचवटीत गेले. सणाच्या गर्दीत, धक्के खात, ज्या गवताला आठ दिवस शिव्या घातल्या तेच विकत घेतलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून, सायकल एका माणसाकडे सोडून रिक्षाने घरी आले. बायका जुड्या घेऊन गेल्यावर एक जुडी उरली. तिला मुळं होती. भिमाजींनी ती नळाजवळच्या कोपऱ्यात खोचली.

“काय करताय?” कुसाबाई म्हणाल्या.

“राखीव जागा,” भिमाजी म्हणाले.

तेवढ्यात सटाण्याहून एक पुडकं आलं. बसच्या कंडक्टरने स्टँडवर उतरवलं, रिक्षावाल्याने घरी आणलं. ओल्या गोणपाटात कांद्याचं रोप. कुसाबाईंच्या भावाने पाठवलं होतं. सोबत तोंडी निरोप, जो कंडक्टरने रिक्षावाल्याला आणि रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडापासूनच ओरडून सांगितला: “हे कांदे आहेत, असं दाजींना सांगा.”

भिमाजींनी ते रोप स्वतः लावलं. कुसाबाईंच्या काठीच्या मापाने, एकेक काडी.

वाफे सुधारायला लागले, पण वाफ्यांच्या मधल्या वाटा काही ऐकेनात. वाटेवरचं गवत काढावं, तर चार दिवसांत हिरवं. तिथूनच ते वाफ्यात घुसायचं. कुसाबाई म्हणाल्या, वाटेवर काहीतरी झाकण पाहिजे, ऊन लागलं नाही की गवत मरतं. भिमाजींनी जुने पेपर अंथरले. दुपारच्या वाऱ्याने पेपर उडाले आणि जाधवांच्या कोरफडीला सगळ्या राज्याच्या बातम्या समजल्या.

मग एक दिवस भिमाजी काही कामाने नाशकातल्याच द्वारका चौकात गेले आणि एका भंगारवाल्याच्या दारात थबकले. ढिगाऱ्यात एसटीच्या पाट्या होत्या. बसच्या पुढे काचेखाली लावायच्या पत्र्याच्या पाट्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं. पेठ. सुरगाणा. हरसूल. कळवण. त्र्यंबक. सटाणा. ही नावं त्यांनी किती वेळा पुकारली असतील. घशाला कोरड पडेपर्यंत पुकारलेली गावं इथे गंजक्या पंख्यांखाली पडली होती.

त्यांनी सगळ्या उचलल्या. हातगाडीवरून पाट्या घरी आल्या तेव्हा कुसाबाई म्हणाल्या, “जिल्हा वसवताय का अंगणात?”

पाट्या वाटेवर बरोब्बर बसल्या. मेथी आणि मिरचीच्या मधे पेठ, मिरची आणि वांग्याच्या मधे सुरगाणा, पुढे हरसूल, कळवण. खालचं गवत दोन आठवड्यांत पिवळं पडून संपलं. भिमाजी कांद्याच्या वाफ्याशेजारी सटाण्याची पाटी टाकायला वाकले तेव्हा ओट्यावरून काठी आपटली.

“तिच्यावर पाय ठेवायचा नाही.”

“अगं, पत्रा आहे तो.”

“माझं माहेर शे.”

सटाणा ओट्याला टेकून उभं राहिलं, कुसाबाईंच्या खुर्चीशेजारी. कांद्याच्या वाटेवर भिमाजींनी त्र्यंबक टाकलं. त्याबद्दल त्र्यंबकला माहेर असलेल्या जाधववहिनी अजून नाराज आहेत.

पाट्यांखाली गवत मेलं, पण गोगलगायी जमल्या. म्हणून भिमाजी अधूनमधून पाट्या उचलून धुवायचे आणि वाळायला बाहेरच्या बाजूने कुंपणाला टेकवून ठेवायचे. मागचं कुंपण थेट पेठ रोडला लागून होतं. एका दुपारी पाट्या वाळत घालून, स्वतः फाटकाशी स्टूल टाकून बसले होते. बाजार करून निघालेला एक म्हातारा आणि म्हातारी आले, डोक्यावरची गाठोडी उतरवली आणि पेठच्या पाटीखाली बसले. झिपरू आणि अक्काबाई, हे नंतर कळलं.

भिमाजींनी थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाले, “काय पाहिजे?”

“गाडी,” झिपरू म्हणाला.

“इथे गाडी थांबत नाही. थांबा पुढे आहे, नाक्यावर.”

झिपरूने पाटीकडे बघितलं. मग भिमाजींकडे. “पाटी हाय. कंट्रोलर हाय.”

“मी रिटायर झालोय.”

“मग बसलाय कशाला?”

 अक्काबाई तंबाखू मळत म्हणाली, “येल गाडी. यांचं त्वांडच सांगतंय.”

त्या दोघांना कसं ठाऊक की हा कंट्रोलर? तर आवाजावरून. पेठच्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने तो स्टँडवर ऐकलेला होता. भिमाजींना मधेच उठून आत जाता येईना. पाटीखाली प्रवासी बसलेत आणि आपण त्यांना सोडून आत चहा प्यायचा, हे त्यांच्याने होणारं नव्हतं. तेवढ्यात लांबून पेठची गाडी आली. भिमाजी उभे राहिले. हात आपोआप वर गेला.

ड्रायव्हरने समोर बघितलं. पेठची पाटी, प्रवासी, गाठोडी, आणि हात वर केलेले बोरस्ते साहेब. त्याचा पाय ब्रेकवर गेला. इतक्या वर्षांची सवय, एकदम कशी सुटणार?

“साहेब, इथे कधीपासून?” त्याने खिडकीतून विचारलं.

“दोन सिटं आहेत. घे,” भिमाजी म्हणाले.

झिपरू चढता चढता वळला. “म्हणलं ना, थांबती.”

दुसऱ्या दिवशी तिथे पाच माणसं बसली होती. पाट्या आत होत्या, वाटेवर. फरक पडला नाही. महिनाभरात पेठची प्रत्येक गाडी बोरस्त्यांच्या फाटकाशी थांबायला लागली. गल्लीतल्या बायका नाक्यापर्यंत चालायच्या बंद झाल्या. कुणी मंजुरी दिली नव्हती, कुणी अर्ज केला नव्हता. एक माणूस आपल्या बायकोच्या वाफ्यातलं गवत मारायला निघाला आणि त्यातून थांबा उगवला.

दिवाळी जवळ आली. वाफे बघण्यासारखे झाले होते. कांदा हातभर वर, वांग्याला फुलं, वाटा स्वच्छ. मग परतीच्या पावसाने दोन दिवस मुक्काम ठोकला आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तर कांद्याच्या वाफ्यात लव्हाळा. जिथे भिमाजींनी पूर्वी त्याला शेणखत घातलं होतं, अगदी तिथेच. उपकार विसरला नव्हता.

त्याच संध्याकाळी ज्ञानेशचा फोन आला. “उद्या सकाळी पोचतो, बाबा. यादव गवंड्याला पण बोलावलंय, माप घेऊन जाईल.”

“माप कशाला? आधी वाफे बघ.”

“बघू ना. पण माणूस आलेला बरा.”

भिमाजींनी फोन ठेवला.  भिमाजींच्या आवाजात बोललेल्या फोनबद्दल कुसाबाईंना काही विचारायची गरज नव्हती.

सकाळी उजाडताच भिमाजी वाफ्यात उतरले. पहिली गाठ काढली, दुसरी काढली, तिसरीला कमरेत उसण भरली. होते तसे अडकले. खाली बसता येईना, वर होता येईना. कोंबडीसारखे अर्धे वाकलेले, हातात खुरपं. कुसाबाई ओट्यावर आल्या. आता त्या काठी धरून चार पावलं चालायच्या.

“काय झालं?”

“काही नाही. जरा थांबलोय.”

“किती वेळ थांबलाय?”

भिमाजी गप्प. हे इतकं दुर्मिळ होतं की कुसाबाईंना सगळं समजलं. त्यांनी वाफ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि शेजारी टेकलेल्या पाटीकडे बघितलं.

“हळूहळू सरळ व्हा,” त्या म्हणाल्या. “भिंतीला धरा. आणि सटाणा आणा.”

“काय?”

“पाटी. आणि तो पाट. आणि धुण्याची दोरी.”

“अगं, डॉक्टरांनी सांगितलंय—”

“डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केलीय. पाय लांब करून बसायला नाही. मी नीट ऐकलं होतं.”

“आणि माहेरावर पाय ठेवायचा नाही म्हणालीस ते?”

“पाय कुठे ठेवतेय? बसतेय. माहेरात बसायला कुणाची बंदी?”

पाट पाटीवर ठेवला, पाटीच्या भोकातून दोरी ओवली. कुसाबाई भिमाजींच्या खांद्याला धरून ओट्याच्या कडेवरून हळूच खाली सरकल्या आणि दोन्ही पाय सरळ पुढे करून बसल्या. भिंत धरून सरळ झालेल्या भिमाजींना वाकता येत नव्हतं, पण ताठ उभं राहून मागे चालता येत होतं. त्यांनी दोरी कमरेला गुंडाळली आणि ओढली.

ओल्या पत्र्यावरून पत्रा लोण्यासारखा सरकला. सटाणा पेठवरून निघालं, सुरगाण्याला लागलं, हरसूल ओलांडून कळवणवरून त्र्यंबकला आलं. अशी गाडी एसटीच्या कुठल्याच वेळापत्रकात नव्हती. ती कांद्याच्या वाफ्यापाशी थांबली.

कुसाबाईंनी बसल्या बसल्या हात लांब केला, खुरपं मातीत घातलं आणि एका झटक्यात गाठ वर आली. मग दुसरी. दिवसच्या दिवस त्यांचा हात बघत बसला होता आणि आता सुटला होता.

“पुढे घ्या,” त्या म्हणाल्या.

भिमाजींनी ओढलं. गाडी वीतभर पुढे सरकली.

“थांबा.”

थांबले.

“प्रवाशांनी उतरताना घाई करू नये,” भिमाजी म्हणाले. सवयीने.

“ओढा मुकाट्यानं.”

आधी यादव गवंडी आला. खांद्याला पिशवी, हातात टेप. मागच्या दारात उभा राहून त्याने बघितलं: बोरस्ते साहेब लेंग्यात, कमरेला दोरी बांधून उलटे चालतायत, आणि बाई एसटीच्या पाटीवर पाय पसरून बसल्यात.

“साहेब, बाईंना काय झालं?”

“प्रवासी आहेत,” भिमाजी म्हणाले. “मधे उभं राहू नका.”

मग बाहेर हॉर्न वाजला. ज्ञानेश आत आला. यादवच्या शेजारी येऊन थांबला. अर्धा वाफा साफ होता, अर्धा नव्हता. लव्हाळा सगळ्यांना दिसत होता. त्याच्या आईच्या कपाळावर घाम होता, बोटं काळी झाली होती, आणि चेहरा तसा होता, चहाच्या आधीचा, जो ज्ञानेशने लहानपणी रोज बघितला होता आणि पुण्याला जाऊन विसरला होता.

भिमाजींनी दोरी खाली ठेवली नाही. मुलाकडे बघून, जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे जाधवांना ऐकू जाईल इतक्याच, म्हणाले, “अर्धा वाफा राहिलाय. गाडी लेट आहे. ठरल्याप्रमाणे तू सिमेंट टाकू शकतोस.”

 कुसाबाईंनी खुरपं थांबवलं नव्हतं. मातीतून कचकच आवाज येत होता.

“साहेब, माप घेऊ का?” यादवने ज्ञानेशला विचारलं.

“चहा घेऊन जा,” ज्ञानेश म्हणाला.

यादवने टेप पिशवीत घातला. ज्ञानेश ओट्यावर बसून बूट काढायला लागला. एक बूट काढल्यावर त्याने विचारलं, “मग आई, गाडी कुठे लावू?”

“बाहेर लाव. थांब्यावर.”

“थांब्यावर खाजगी वाहन उभं करायला मनाई आहे,” भिमाजी म्हणाले.

कोबा झाला नाही. पुढची कितीतरी वर्षं गल्लीने ती गाडी बघितली. भिमाजींनी पाटीखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या, पाटावर गोधडीची घडी आली, दोरीला पकडायला खुंटी आली. सकाळी चहाच्या आधी सटाणा ओट्यावरून सुटायचं. कुसाबाई बसल्या बसल्या निंदायच्या आणि “घ्या”, “थांबा” म्हणायच्या. भिमाजी ओढायचे आणि थांबायचे. पेठच्या गाडीची वाट बघणारे लोक कुंपणावरून बघायचे, झिपरूसुद्धा एकदा थांबून बघून गेला. नळाजवळच्या राखीव जागेतल्या दूर्वा दर गणपतीला ताटांत जायच्या.

मग कुसाबाई गेल्या. गुडघ्याने नाही, हृदयाने, थंडीत, दोन दिवसांत. ज्ञानेश दोन आठवडे राहिला. कोब्याचा विषय त्याने काढला नाही.

तो पुण्याला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाधव दात घासत आपल्या मागच्या दारात उभे होते. पत्र्यावरून पत्रा सरकल्याचा आवाज आला. त्यांनी कुंपणावरून बघितलं. भिमाजी लेंग्यात होते, दोरी कमरेला. मागे पाटी येत होती. पाटावर गोधडी होती आणि गोधडीवर खुरपं.

कांद्याच्या वाफ्याशी ते थांबले. खुरपं उचललं, उकिडवे बसले, गाठी काढल्या. मग खुरपं परत गोधडीवर ठेवलं, दोरी ओढली, वीतभर पुढे गेले आणि पुन्हा थांबले. तिथे गवत नव्हतं. जाधवांनी नीट बघितलं, एक पातंसुद्धा नव्हतं. भिमाजी तरी थांबले होते, तोंडातून शब्द न काढता. कुणी चढणारं-उतरणारं नसलं तरी थांब्यावर गाडी उभी करायची असते. तेवढा वेळ झाल्यावर त्यांनी दोरी पुन्हा ओढली.